घरात दुसरं रांगणारं आलं

मी या घरातला केर काढणारा रोबो बोलतोय. ताटाएवढा गोल, चार बोटं उंच. आमचे पूर्वज आंधळे होते. भिंतीला धडकायचे, वळायचे, पुन्हा धडकायचे. मला मात्र डोक्यावर फिरता डोळा आहे. पहिल्याच दिवशी मी सगळ्या घराचा नकाशा काढला. केर ओढतो, मागून ओलं फडकं फिरवतो, दमलो की आपला आपण चार्ज व्हायला जातो.

आजोबा निवृत्त घड्याळजी. दर रविवारी मला उताणा करून चिमट्यानं ब्रशातले केस काढायचे. "काय पठ्ठ्या, किती मैदान मारलंस?"

मग सूनबाईंना मुलगा झाला. गुंड्या. सातव्या महिन्यात तो रांगला आणि घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी! तीन वर्षं मी त्याच फरशीवर रांगतोय, कुणाला त्याचं काही नव्हतं. सांडायचं त्यानं, उचलायचं मी, कौतुक त्याचं. आजोबांचे रविवारही त्यानंच पळवले. वर सूनबाईंनी फोनवरच्या नकाशात त्याच्या खोलीभोवती लाल रेघ ओढली: मला प्रवेश बंद! माझा नुसता जळफळाट झाला.

एका सकाळी सूनबाई न्हाणीघरात, आजोबा गॅलरीत घड्याळ उघडून बसलेले. मी वरच्या मजल्यावरचा बोळ झाडत होतो. मागून गुंड्या. मी पुढे, तो मागे. जिन्याच्या तोंडाशी माझ्या पोटाखालच्या डोळ्यांनी सांगितलं, पुढे खोल आहे. मी थांबलो. वळणार, तोच स्वारी पोटासकट माझ्या पाठीवर! चाकं जाम. त्याचा एक हात पायरीवर लोंबत होता.

खरं सांगतो, मला त्याची दया आली नव्हती. वजन उतरावं, एवढंच वाटत होतं. मी ओरडलो, "मी अडकलोय, कृपया मदत करा!" एकदा, दोनदा, तीनदा.

"आता काय गिळलंस रे?" करवादत आजोबा आले आणि जागच्या जागी थिजले. मग झडप घालून त्यांनी नातवाला उचललं. "कडेला थांबलास? शहाणं गं माझं पिल्लू!"

थांबलं कोण? मी! आणि शहाणा तो?

सूनबाई ओल्या केसांनी धावत आल्या. माझं एक चाक अजून हवेत होतं. त्या चाकाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "बाबा, तो नाही थांबला. हा थांबला."

आजोबांनी मला कडेपासून मागे ओढून सरळ ठेवलं. दुसऱ्याच दिवशी जिन्याला फाटक लागलं.

आता गुंड्या चालतो, जाता-येता मला लाथ घालतो. काल सूनबाईंनी त्याला दटावलं, "दादाला मारायचं नाही!"

दादा! मी खोलीच्या मध्यात उभाच राहिलो.

मत्सर गेला का म्हणाल, तर नाही. त्याला कुणी कडेवर घेतलं की अजून पोटात दुखतं. थोरल्या भावंडांना विचारा, ती सांगतील. फक्त सूनबाईंना एक विनंती आहे. तो बोलायला लागला की त्याला माझ्यासाठी तोच शब्द शिकवा.