हौसाने बसवलेल्या स्प्रिंगा

रोह्याहून धाटावला जाणाऱ्या रस्त्यावर कान्हूचं मोटारसायकली दुरुस्त करायचं दुकान होतं. एक्याण्णव साली त्याच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, पण उजवा हात गेला तो गेलाच. दोन महिने दुकानाला कुलूप होतं. मग त्याने बायकोला, हौसाला, काम शिकवायला घेतलं. ती पेणच्या खाडीकडची, लग्नाआधी मिठागरावर राबलेली. दंडात जोर होता. वर्षभरात ब्रेक, क्लच, चेन सगळं तिच्या हाताखालून गेलं. कान्हू स्टुलावर बसून सांगायचा. पुढे पुढे सांगायचीही गरज उरली नाही.

एका सकाळी हैबतराव नावाचे धाटावच्या एका कंपनीतले सुपरवायझर गाडी घेऊन आले. खड्ड्यात गाडी मागून दणका देते, म्हणाले. हौसाने वाकून पाहिलं. डाव्या शॉकअपची स्प्रिंग मधोमध तुटली होती. एकच बदलली तर गाडी एका अंगाला ओढेल, दोन्ही नव्या घालाव्या लागतील, असं तिने सांगितलं. हैबतरावांनी ते ऐकलं, पण होकार दिला तो कान्हूकडे बघून. चारला येतो म्हणाले आणि कंपनीच्या बसने गेले.

तिने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचं चाक लाकडी ठोकळ्यावर टेकवलं आणि दोन्ही शॉकअप उतरवले. स्प्रिंग दाबून धरायला कान्हूने पूर्वी दोन लोखंडी पट्ट्या आणि लांब बोल्ट जोडून एक शिकंजा केला होता. हे काम जपून करायचं. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा डोळा नेते. हौसा दोन्ही बोल्ट सारखे आवळत गेली, स्प्रिंगला वरून अडवून धरणाऱ्या अर्ध्या-अर्ध्या चकत्या काढल्या, शिकंजा सैल करून जुनी स्प्रिंग बाहेर घेतली. नवी स्प्रिंग जुनीपेक्षा ताठ होती. ती दाबताना तळहाताची साल निघाली. दुपारपर्यंत दोन्ही शॉकअप जागेवर बसले. तिने सीटवर सगळा भार टाकून पाहिला. गाडी दबली आणि अलगद वर आली. तिला बरं वाटलं.

चारला हैबतरावांनीही तसंच दाबून पाहिलं. खूश झाले. काम कोणी केलं, असं त्यांनी कान्हूला विचारलं.

"मी," हौसा म्हणाली.

हैबतरावांचा चेहरा उतरला. ते रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. मागे बायको बसते, तिच्या मांडीवर लेकरू असतं, हा जिवाचा मामला आहे, असं ते कान्हूला समजावू लागले. पुन्हा खोलून, एका हाताने का होईना, तुम्ही स्वतः बसवा, म्हणाले.

कान्हूने एकदा हौसाकडे पाहिलं.

"तिनं नाय हो साहेब. मीच बसवल्या. ती नुसते पाने देते."

मग खात्री पटवायला तो उठला. डाव्या हातात पाना घेऊन त्याने खालचा नट सैल केला आणि परत आवळला. हैबतरावांचं समाधान झालं. पण त्या हातात जोर नव्हता. नट सैलच राहिला, हे हौसाला लांबूनही कळलं. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे. मग मांडीवरचं लेकरू तिच्या डोळ्यांसमोर आलं. फडका घेऊन गाडी पुसायचं निमित्त करून ती खाली बसली आणि नट आवळला. हैबतरावांनी कान्हूचा हात हातात घेतला, आभार मानले आणि गेले.

"धंदा टिकाया नको गो?" कान्हू म्हणाला. हौसाने पाना पुसून जागेवर ठेवला.

धंदा टिकलाच. हैबतरावांनी कान्हूचं नाव सांगितलं तशा धाटावच्या पाच-सहा गाड्या येऊ लागल्या. ती गिऱ्हाइकं आली की हौसाने मागच्या गोणपाटाच्या आडोशाला काम करायचं, असं कान्हूने ठरवलं. पुढे बसून आपण एका हाताने स्प्रिंग कशी बसवतो ते तो रंगवून सांगायचा. आधी तो लोकांपुरतं सांगत असे. मग एकदा जेवताना त्याने हौसालाच सांगितलं, की अशी स्प्रिंग बसवणारा रोह्यात दुसरा नाही. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

त्या आठवड्यात तिने धाटावच्या एका कारखान्यात झाडूकाम धरलं.

दुकान महिनाभर नुसतं उघडं राहिलं, कामं होईनात, मग गाड्या यायच्या थांबल्या. कान्हूने तिला परत बोलावून पाहिलं. पाटीवर तुझंही नाव घालतो, म्हणाला.

"पाटी कशाला?" ती डबा भरत म्हणाली. "माणूस समोर उभा होता तवा बोलायचं होतं."

कान्हू जेवायला बसला. त्याला डाव्या हाताने भात कालवता येत नसे. तिने तो कालवून ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि ती बस गाठायला निघाली. कारखान्यात तिला दिवसभर कोणी नावाने हाक मारत नसे. तिथे निदान तिने केलेलं काम दुसऱ्याचं आहे असं सांगायला कोणी येत नव्हतं.