दोन बटणं, दोन हात

मी कागद कापायचं मशीन बोलतोय. गोड बोलायची मला सवय नाही. कापणं तेवढं येतं.

जन्म ओतशाळेतला. अंग बिडाचं, पातं पोलादाचं. एकतीस वर्षं एकाच छापखान्यात उभा आहे. त्यातली सव्वीस वर्षं मला एकाच माणसानं चालवलं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. पात्याची धार गेली की तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा.

माझ्या टेबलाला दोन बटणं आहेत, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे पातं पडताना दोन्ही हात बाहेर. नव्या माणसाला मिस्त्री पहिल्या दिवशी एवढंच सांगायचा, "दोन बटणं, दोन हात. तिसरा हात देवानं दिलेला नाही." एकानं हाताऐवजी बटणावर कोपर टेकवलं, तर मिस्त्रीनं त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं.

मग मिस्त्रीची आई विसरायला लागली. घरात दोघंच. म्हातारी रात्री उठायची, कडी काढायची आणि माहेरी निघाले म्हणून रस्त्याला लागायची. मिस्त्री दाराला खुर्ची लावून बसायला लागला. रात्रभर खुर्चीत, दिवसभर माझ्यासमोर. असे चार महिने गेले.

माणूस एकदम पडत नाही. आधी त्याचा हिशेब चुकतो. मिस्त्रीनं वह्यांची दोन हजार कव्हरं अर्धा इंच आखूड कापली. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. जेवण होतं तेवढंच, पण पोट सुटलं, तोंड सुजल्यासारखं दिसायला लागलं. डॉक्टरनं रक्तदाब सांगितला, गोळ्या दिल्या. गोळ्या घ्यायचंही तो विसरायचा. बाइंडिंगच्या मावशीवर उगाच खेकसायचा, आणि तिनं पुढ्यात चहा ठेवला की त्याच्याच डोळ्यांत पाणी यायचं.

"मिस्त्री, उघड्या डोळ्यांनी झोपायचं कुठं शिकलात?" मावशीनं एकदा विचारलं.

"फुरसत मिळाली की तुम्हालाही शिकवतो."

मावशी हसली नाही.

एका दुपारी त्याची धाकटी बहीण छापखान्यात आली. माझ्या टेबलाला टेकून उभी राहिली.

"दादा, आईला चार रात्री माझ्याकडे पाठव. माझ्या दाराची कडी उंच आहे, तिचा हात पोचत नाही."

"आणि लोकांनी काय म्हणायचं? मुलगा मेला?"

"मेलाच आहेस तू. नुसता उभा आहेस."

"तू जा. मला काम आहे."

ती गेली. दोन बसच्या अंतरावर तिचं घर. लाजेपायी मिस्त्रीला ते फार लांब वाटलं.

त्यानंतर त्याला चक्कर यायला लागली. उभं राहायला आधार हवा होता आणि दोन्ही हात माझ्या बटणांवर अडकलेले. माझ्या पात्याखाली एक लाकडी पट्टी असते, पातं तिच्यावर येऊन टेकतं. ती झिजली की बदलतात. मिस्त्रीनं जुन्या पट्टीचा तुकडा घेतला, तासून पाचर केली आणि डाव्या बटणात ठोकली. बटण दाबलेलंच राहिलं. आता उजव्या अंगठ्यानं काम भागायचं आणि डाव्या हातानं तो मला धरून उभा राहायचा. त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून. मी बघत होतो. बोलता येत असतं तर त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं असतं.

दहाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, भर उजेडात, त्याचा डोळा लागला. फार तर दोन श्वास. डावा हात घसरून पात्याखाली आला. उजव्या अंगठ्यानं सवयीनं बटण दाबलं.

मला थांबता येत नाही. कागद काय आणि बोटं काय, मला वेगळं कळत नाही. तीन बोटं गेली.

त्या रात्री मिस्त्री दवाखान्यात गुंगीत झोपला. म्हातारी लेकीकडे झोपली. कडीपर्यंत तिचा हात पोचला नाही. सगळी रात्र सुखरूप गेली. चार महिने हेच करता आलं असतं.

महिन्याभरानं तो एकदा आला. तोंडाची सूज उतरली होती. माझ्या जागी आता नवीन मशीन होतं, ते ओलांडून तो पुढे आला. कोपऱ्यात येऊन माझ्यावरची ताडपत्री उचलली, खिशातला डावा हात बाहेर काढला आणि उरलेल्या अंगठ्यानं डावं बटण दाबून पाहिलं.

"तुझी चूक नाही," म्हणाला. ताडपत्री नीट ओढून गेला. परत आला नाही.

आता मला भंगारात काढणार आहेत. जायच्या आधी एक सांगतो. तुमच्या घरात कुणी जागत असेल, तर त्याच्याकडून एक रात्र मागून घ्या. तो देणार नाही, अभिमान आड येईल. तरी सोडू नका. खुर्चीतून उठवा, हाताला धरून अंथरुणावर न्या आणि दाराशी तुम्ही बसा.