अठ्ठेचाळीस सुरळ्या

थर्मामीटर कोंबडीच्या पिल्लांसाठीचा होता. जवळच्या वाशी गावच्या बाजारातून मिनाजनं तो आणला आणि शेडनेटच्या मधल्या खांबाला सुतळीनं बांधला. तेव्हापासून तिचं कशात मन लागेना. तव्यावर भाकरी टाकायची, काटा बघायला पळायचं, आणि परत येईपर्यंत भाकरी करपलेली.

"ताप आलेल्या लेकराला बी कुणी येवढ्यांदा हात लावून बघत न्हाय," सासू नसीमबी म्हणाली. "बघितल्यानं थंडी कमी हुती का गं?"

"कमी होत न्हाय अम्मी. कळती."

"कळून काय करनार? झाडांना गोधडी शिवनार?"

युरियाची रिकामी पोती उसवून ती एकमेकांना जोडायला मिनाजनं सकाळीच घेतली होती.

येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून, तिचे सासरे गफारभाई बावीस वर्षं नर्सरी चालवत होते. मिरगाच्या सुमाराला आंध्रातून शोभेच्या झाडांचा ट्रक उतरायचा. त्यातला ताडामाडाच्या जातीचा एकही नग दिवाळीनंतर ठेवायचा नाही, उरला तर शाळेला देऊन टाकायचा, हा त्यांचा नियम. डिसेंबरात या माळावर पारा सात-आठवर येतो, आणि समुद्राकाठच्या झाडाला ते सोसत नाही असं त्यांचं मत होतं. त्यामुळं हिवाळ्यात फक्त गुलाब, झेंडू आणि पेरूची कलमं.

मिनाजनं हा नियम मोडला होता. तीन वर्षांपूर्वी धाराशिवला एका बंगल्याच्या आवारात बॉटल पामच्या बिया पडलेल्या दिसल्या. बुंधा बाटलीसारखा फुगतो म्हणून झाडाचं नाव तसं. ओढणीच्या टोकाला बांधून तिनं शंभरेक बिया आणल्या. काही दोन महिन्यांनी उगवल्या, काही सहा महिन्यांनी, बाकीच्या उगवल्याच नाहीत. जगली ती अठ्ठेचाळीस. पहिले दोन हिवाळे रोपांनी आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीमागं काढले. आता ती कमरेला लागली होती, घरात मावत नव्हती. उघड्यावरचा हा त्यांचा पहिलाच हिवाळा.

आणि याच हिवाळ्यावर जागेचा निकाल लागणार होता. धाकटा दीर फारुख पुण्यात गाड्या धुण्याच्या सेंटरवर कामाला होता. तसंच सेंटर त्याला इथं हायवेवर काढायचं होतं. गफारभाईंनी दिवाळीत दोघांना समोर बसवलं.

"येळवस होऊ द्या," ते म्हणाले. "तवर सुनेचे पाम जगले, तर नर्सरी हिची. मेले, तर बारमाही धंदा हिच्यानं हुत न्हाय असं समजायचं, आन् जागा फारुखची."

मिनाजचा नवरा टँकरवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. फोनवर तो एवढंच म्हणाला, "अब्बा म्हणतील तसं."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. सारा जिल्हा त्या दिवशी रानात जेवायला जातो. यंदा ती तीस डिसेंबरला होती.

डिसेंबर लागला तसं मिनाजनं उत्तरेकडून कडब्याची ताटी उभी केली आणि पोत्यांचे पडदे सोडले. तरी काटा पहाटे नवावर येई. मग तिला द्राक्षवाल्यांची युक्ती आठवली. बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट येतं, पहाटे त्याची वाफ दिसते. शेतीपंपाची लाईट पाळीनं यायची, एक आठवडा रात्रीची आणि एक आठवडा दिवसाची. तेव्हा रात्रीची पाळी चालू होती. पाचला उठून तिनं सासऱ्यांकडून मोटरीची चावी घेतली, मोटर चालू केली, पाईपला झारीचं तोंड लावलं आणि रोपांवरून कोमट पाणी फिरवलं. काटा बारावर गेला. आठ दिवस ती हे करत राहिली. बोटांना भेगा पडल्या, त्यातून रक्त यायला लागलं, तेव्हा तिनं नवऱ्याचे टँकरवरचे रबरी हातमोजे चढवले.

पुढच्या आठवड्यात पाळी बदलली. लाईट आता सकाळी आठनंतर, आणि नेमकी तेव्हाच थंडीची लाट आली. पहाटे काटा साडेसहा. मिनाजनं त्यावरही मार्ग काढला. दुपारी मोटर लावून लोखंडी घोडीवरची काळी टाकी काठोकाठ भरायची आणि पहाटे तेच पाणी पाईपनं द्यायचं. बोअरचं पाणी ते बोअरचंच पाणी. चार पहाटा तिनं एकेका रोपाच्या शेंड्यात पाणी घातलं, एकही चुकवलं नाही.

पाचव्या दिवशी फटफटताना धुळाप्पा आला. त्याची मेंढरं शेजारच्या रानात बसवलेली होती. तो रोज मिनाजच्या शेकोटीवर बिडी पेटवायला यायचा. त्या दिवशी त्यानं तोंड धुवायला तिच्या हातातला पाईप मागितला आणि ओंजळ तोंडावर मारली.

"आयायाया! सूनबाई, पानी हाय का काय हाय हे?"

"बोअरचं हाय मामा. गरम असतंय."

"व्हय, आन् म्या हैदराबादचा निजाम. हात घालून बघ की जरा."

मिनाजनं हातमोजा काढला आणि पाण्याखाली हात धरला. बोटांच्या हाडात कळ गेली. तिनं वर टाकीकडं बघितलं. टाकी उघड्या वाऱ्यावर होती, रात्रभर.

"काय झालं?" धुळाप्पानं विचारलं. "दिसत्यात तर हिरवीगार."

"पाम लगेच सांगत न्हाय, मामा."

तिनं त्याला एक रोप दाखवलं. पामला वाढायला डोळा एकच असतो. मधोमध, पानांच्या देठांत खोल दडलेला. नवं पान त्यातून मिटलेलंच वर येतं, भाल्यासारखं ताठ. ती सुरळी. पानं साडेसहा डिग्री सोसतील, पण सुरळीच्या बुडाशी गार पाणी साचून राहिलं तर आतला डोळा सडतो. बाहेरची पानं महिनाभर हिरवीच राहतात.

"म्हंजे थंडीनं मारलं न्हाय."

"न्हाय," मिनाज म्हणाली. "थंडी त्यांनी सोसली असती."

धुळाप्पानं बिडीचा झुरका घेतला. "मेंढराचं बी तसंच असतंय. पोटात रोग गेला तरी चार दिस चरतंय."

"मग तुमी काय करता?"

"काय करतो? रोज मोजतो. आन् शिव्या देतो."

"कुनाला?"

"जो समोर असंल त्याला. बहुतेक बायकोच असती."

मिनाजला हसू आलं नाही. त्याच सकाळी तिनं वरून पाणी द्यायचं बंद केलं, रोपं तिरकी करून शेंड्यातलं पाणी ओतून काढलं. त्यापलीकडं करण्यासारखं काही नव्हतं. सुरळी सडली की नाही हे कळायचा एकच मार्ग होता. ती हलकी ओढायची. जिवंत असेल तर जागची हलत नाही, मेली असेल तर हातात येते. पण सड वर यायला दोन आठवडे लागतात. त्याआधी ओढून काही कळत नाही, उलट चांगल्या डोळ्याला धक्का बसतो.

ते दोन आठवडे तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. दिवसातून दहा वेळा ती शेडमध्ये जायची, एका रोपासमोर उभी राहायची, हात सुरळीपर्यंत न्यायची आणि मागं घ्यायची. गिऱ्हाइकाला गुलाबाच्या जागी पेरूचं कलम दिलं. दुधात मीठ घातलं.

"भूत लागलं का काय हिला?" नसीमबी म्हणाली.

गफारभाई मात्र खुशीत होते. रोज सकाळच्या नमाजनंतर ते शेडमधून चक्कर मारायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "एक पान पिवळं न्हाय." तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते हे येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगायला लागले. मिनाज दरवेळी तोंड उघडायची आणि दरवेळी म्हणायची, "अब्बा, चहा ठेवू?"

फारुखचा फोन यायचा. "भाभी, पुण्यात स्वेटर स्वस्त लागलेत. झाडांना आणू का अठ्ठेचाळीस?"

"आणा. तुमच्या गाड्या पुसायला होतील."

फोन ठेवला की ती पुन्हा शेडमध्ये.

येळवसेला धुळाप्पाच्या बायकोनं सगळ्यांना रानात जेवायला बोलावलं. कडब्याची खोप, पुढ्यात बाजरीचे उकडलेले उंडे, शेंगा-भाज्यांची भज्जी, माठातलं आंबील. फारुख पुण्याहून आला होता, तीन-तीनदा भज्जी मागून घेत होता. मिनाजनं एक उंडा कुस्करला आणि पुढ्यात तसाच ठेवला. तिथून आपल्या शेडची हिरवी जाळी दिसत होती, आणि ती पाठ करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गफारभाईंनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. पोत्यांचे पडदे वर केले.

"फारुख, डोळ्यानं बघून घे. मागनं बोलायचं न्हाय," ते म्हणाले. "अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस हिरवी. बावीस वर्षं मी थंडीला भ्यालो. ही भ्याली न्हाय. नर्सरी हिची."

फारुख रांगेतून हिंडला. दोन-चार पानं उलटी करून बघितली. मग मिनाजसमोर येऊन थांबला.

"मानलं, भाभी," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं."

त्यानं वाद घातला असता तर कदाचित ती गप्प राहिली असती.

"थांबा," ती म्हणाली.

तिनं पहिल्या रोपाची सुरळी दोन बोटांत धरली आणि ओढली. हलली नाही. दुसरी, तीही घट्ट. तिसरी ओढली आणि तिचा हात झटक्यानं मागं आला. वीतभर हिरवी सुरळी बोटांत होती. बुडाशी ती तपकिरी, लिबलिबीत, आणि साचलेल्या डबक्यासारखा वास.

"अगं, उपटती काय जितं झाड!" नसीमबी ओरडली.

"जितं न्हाय अम्मी."

चौथी घट्ट. पाचवी आली. सहावी आली. गफारभाईंनी जमिनीवर एक पोतं पसरलं आणि तिच्या हातातली एकेक सुरळी घेऊन त्यावर ओळीनं ठेवायला लागले. शेवटच्या रोपापर्यंत तिनं एकही सोडलं नाही. पोत्यावर एकोणीस झाल्या.

"कशानं?" गफारभाईंनी विचारलं.

तिनं सांगितलं. पाळी, टाकी, हातमोजे, धुळाप्पानं मारलेली ओंजळ.

"कधीपासनं माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. पंधरा दिवस वाटत होतं."

"आन् आज गप बसली असती तर?"

"फेब्रुवारीत वाळली असती."

"तवर जागा तुझी झाली असती."

"व्हय."

"येडी हाय ही, सरळ येडी," नसीमबी म्हणाली, आणि ओढणीच्या टोकानं डोळे पुसायला लागली. राग आला की तिला रडू यायचं.

फारुखनं घसा साफ केला. "अब्बा, मग ठरल्याप्रमाणं..."

"ठरल्याप्रमाणं म्हंजे कसं?" गफारभाई त्याच्यावर वळले. "जगली तर हिची, मेली तर तुझी. एवढंच ठरलं होतं. थोडी जगली, थोडी मेली तर काय, हे कुठं बोललो होतो मी?"

ते पाण्याच्या हौदाच्या कडेवर बसले. पोत्यावरच्या सुरळ्या त्यांनी पुन्हा एकदा मोजल्या. मिनाज उभीच होती. कधी या पायावर, कधी त्या पायावर.

"अब्बा," ती म्हणाली, "रस्त्याकडचा तुकडा त्यांना द्या. गाड्या तिथंच थांबणार. मागचा मला राहू द्या. आन् बोअर माझ्याकडं."

"वा!" फारुख म्हणाला. "आन् मी गाड्या कशानं धुऊ? थुंकीनं?"

"पाणी देईन की. आठनंतर, लाईट असंल तसं. पहाटंचं पाणी झाडांचं."

"पाण्यानंच एकोणीस मारली हिनं," गफारभाई म्हणाले, "आन् पाणीच मागती."

"म्हणूनच मागते. दुसऱ्याच्या हातात मोटर असली, की मी परत टाकी भरून ठेवीन."

गफारभाईंनी फारुखकडं बघितलं. फारुखनं रस्त्याकडं बघितलं. तिथं एक ट्रक थांबला होता, ड्रायव्हर काचेवरची धूळ फडक्यानं झटकत होता.

"आठ म्हणजे आठ, भाभी," फारुख म्हणाला. "साडेआठ न्हाय."

"आठ."

"बास," गफारभाई उठले. "पुढचं ह्याचं, मागचं हिचं. मोटरीची चावी हिच्याकडं. परत पंचायत न्हाय."

चावी त्यांनी गळ्यातल्या दोऱ्यातून काढून दिली. मिनाजनं ती मुठीत घेतली आणि सरळ घरात गेली. आली ती बादलीत सडीवरचं निळसर औषध कालवून. पहिल्या रिकाम्या शेंड्यात ती चमच्यानं औषध सोडायला लागली.

"मेलेल्याला कशाला?" गफारभाईंनी विचारलं.

"सुरळी मेली. खालचा डोळा जिता असला तर नवी येती. महिना लागतो, कधी दोन."

"आन् नसला तर?"

मिनाज पुढच्या रोपाकडं गेली. गफारभाईंनी बाह्या वर सारल्या, तिच्या हातातली बादली घेतली आणि वाकून त्यापुढच्या रिकाम्या शेंड्यावर तिरकी केली.

"येवढं न्हाय अब्बा," ती घाईनं त्यांचा हात धरत म्हणाली. "चमचाभर. नुसतं ओलं व्हायला पाहिजे."