नानांचा आवाज, दोन डब्यांतून

गुरुदासांनी ओसरीवर दोन डब्या ठेवल्या, तेव्हा यमुनाबाई मांडीवर नारळ घेऊन बसल्या होत्या. नारळी पौर्णिमा. दर वर्षी या दिवशी त्यांचे यजमान नाना खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभे राहून देवाला गाऱ्हाणं घालत, मगच घरचा नारळ मालवणच्या बंदरावर जाई. नाना माघात गेले. पण गेल्या वर्षीचं त्यांचं गाऱ्हाणं बोटीवर नोकरीला असलेल्या पुतण्याने, धोंडूने, टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवलं होतं. “तां ऐकल्याबगर नारळ हलाचो नाय,” यमुनाबाईंनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

टेपरेकॉर्डरचा स्वतःचा स्पीकर फाटलेला. आवाज घरच्या रेडिओतून काढायचा होता, आणि मध्ये कोणती डबी जोडायची ते मुंबईहून आलेल्या लेकीने, सुभद्राने, ठरवायचं होतं.

“हिच्यात नुसता बटण,” रेडिओ दुरुस्त करणारे गुरुदास म्हणाले. “वीज नको, काय नको. आवाज आसा तसो सोडता, पण जोर नाय. दुसरेत काचेचो व्हॉल्व्ह आसा. ती आवाज वाढवता, पण मागे घूं करता.”

“आवाज बदलतो?”

“वायच जाड जाता. लपवन काय करू?”

सुभद्राने पहिली जोडायला सांगितली आणि रेडिओला कान लावला. नाना अगदी जवळ बोलत होते. शब्दाआधीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तिच्या लहानपणी उशाशी बसून पोथी वाचत, तोच आवाज. तिने डोळे मिटले.

“लावलंस काय गो?” यमुनाबाईंनी विचारलं.

“लागलंय, आई.”

“मगे ह्ये बोलणत कित्याक नाय?”

आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. सुभद्राने स्वतःच वायर उपसली. “दुसरी जोडा.”

व्हॉल्व्ह तापला. घूं सुरू झाली आणि तिच्या पलीकडून नाना बोलू लागले, जाड, लांबचे. हे नाना नाहीत, असं ती म्हणणार होती, तेवढ्यात यमुनाबाईंची मान वर झाली.

“ह्येंचोच! होडयेतसून हाक मारीत, तेव्हा असोच येय. वाऱ्यासकट.”

किनाऱ्यावर उभं राहून त्या हाकेची वाट बघणं सुभद्राच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. होडी लागायची त्या वेळी ती शाळेत असे.

“…दर्यात गेलेल्याक सुखरूप घराक हाड रे महाराजा!” नाना थांबले. उत्तरासाठी ते नेहमीच थांबत.

“व्हय महाराजा!” टेपमधल्या माणसांच्याही आधी यमुनाबाई म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. “तोंड शिवलंस काय गो? घरात उरलो दोघी, त्येतली एक मुकी?”

पुढच्या गाऱ्हाण्याला सुभद्रानेही “व्हय महाराजा!” म्हटलं.

टेप संपल्यावर यमुनाबाई नारळ घेऊन उठल्या. गुरुदास पहिली डबी पिशवीत घालू लागले.

“ती पण असूदे,” सुभद्रा म्हणाली. “दुपारी आई निजली की मला लागेल.”