साताचा एकच पत्रा

मंडळी हे ख्रिस्ताचं शरीर आहे आणि त्यातला कुठलाही अवयव बिनकामाचा नाही, असं पौलानं करिंथकरांना लिहून ठेवलं आहे. आमच्या मंडळीत दादासो समुद्रे यांच्याकडे फळ्याचं काम होतं.

फळा लाकडी, व्यासपीठाच्या उजव्या हाताला भिंतीवर टांगलेला. त्यात चार खाचा. दर शनिवारी संध्याकाळी पाचला दादासो यायचे आणि रविवारच्या चार गीतांचे क्रमांक पत्र्याचे आकडे सरकवून लावायचे. पाणीपुरवठ्यातली नोकरी संपली तरी हे काम संपलं नव्हतं. एकतीस वर्षं चाललं होतं.

पत्र्याचे आकडे मिशनच्या काळातले. अठ्ठ्याऐंशी साली चुना मारताना त्यातले काही गेले, आणि साताचा पत्रा एकच उरला. नवे करून घ्यावेत असा ठराव एकमतानं झाला. त्यापुढे काही झालं नाही. त्यामुळे एका रविवारी चारही गीतांत मिळून सात एकदाच येऊ शके. पाळकसाहेबांनी चिठ्ठी पाठवली की दादासो ती घेऊन परत त्यांच्या दारात.

"साहेब, दोन साती झाल्या."

"मग काय करायचं?"

"एक गीत बदला की."

साहेब बदलत. पाळक चार झाले, सगळ्यांनी बदललं. एकशे सत्त्याहत्तर हे पश्चात्तापाचं गीत. अठ्ठ्याऐंशीनंतर ते आमच्याकडे कधी म्हटलंच गेलं नाही, आणि मंडळीकडे पाहून तसं वाटतही असे.

दोन हजार सहा साली सोनम आवळेनं प्रोजेक्टर आणला. ती संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायची. क्लासनं नवा घेतला आणि जुना मंडळीला दिला. अख्खं गीतपुस्तक तिनं स्वतः टाइप केलं, तीन महिने, आणि प्रत्येक गीतामागे धबधबा लावला. चित्र पडायला मोकळी भिंत एकच होती, फळ्याची. पंचकमिटीनं अकरा मिनिटांत फळा काढायचं ठरवलं. दादासो बैठकीला होते. ते म्हणाले, "काढा."

घरी मात्र त्यांची बायको शालनबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, "वैनी, शनवारी ह्यांनी जायचं कुठं? सहा दिस हितंच असत्यात. सातवा तेवढा माझा हुता."

पुढच्या शनिवारी पाचला दादासो देवळाच्या पायरीवर येऊन बसले, सहाला उठून गेले. त्याच्या पुढच्याही शनिवारी तेच. विचारलं तर म्हणाले, "पाय मोकळं करायला आलतो." पायरीवर बसून पाय कसे मोकळे होतात हे कोणी विचारलं नाही.

प्रोजेक्टरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांना स्वातंत्र्य मिळालं आणि त्यांनी ते एकदम वापरलं. पहिलं गीत एकशे सत्त्याहत्तर. दुसरं दोनशे सत्त्याहत्तर. अक्षरं वीतभर उंच, मागे धबधबा. पेटीवर आण्णा. आण्णांनी भिंतीकडे पाहिलं, मग बोटांकडे, आणि भाता मारायचं थांबले. चाल आता कोणालाच येत नव्हती. साहेबांना ती सेमिनरीतली आठवत होती, म्हणून पाचही कडवी त्यांनी एकट्यानं म्हटली. मंडळीनं धबधबा पाहिला. दुसऱ्या गीताची तीनच कडवी झाली.

उपासनेनंतर चहाला आण्णा म्हणाले, "सोनमबाई, भिंतीवर चाल कुठं हाय?"

"काका, शब्द सगळे बरोबर आहेत. तीनदा तपासलेत."

"बरोबर हाईत की. पण शब्द वाजवू कसं?"

येणारी गीतं आणि न येणारी गीतं वेगळी करायला हवी होती. पाळकसाहेबांना येऊन दोनच वर्षं झाली होती, सोनमला टाइप केलेली सगळीच सारखी दिसत. पंचकमिटीत एकानं एक, दुसऱ्यानं दुसरं सांगितलं आणि भांडण लागलं. शेवटी दादासोंना बोलावलं. दादासोंनी दहा मिनिटांत सगळं उलगडलं. फळ्यावर लागू शकत होतं ते मंडळीला येतं. लागू शकत नव्हतं ते येत नाही.

ठराव झाला: दर शनिवारी पाचला दादासोंनी सोनमच्या शेजारी बसून गीतं पसंत करावीत. शालनबाईंनी त्यांना नवा शर्ट काढून दिला.

मी त्या शनिवारी तिथंच होतो. सोनमनं चार गीतं पडद्यावर आणली.

"दोन साती झाल्या," दादासो म्हणाले.

"काका, कॉम्प्युटरमध्ये साती कितीही असतात."

"असतील की. चाली एकाच सातीच्या हाईत."

"मग नव्या शिकूया ना."

"शिकवणार कोण? साहेब? त्या दिवशी ऐकलंस न्हवं?"

सोनमनं ऐकलं होतं. तिनं एक गीत बदललं.

असे चार महिने गेले. मग भारनियमनाचं नवं वेळापत्रक आलं. आमच्या भागात रविवारी वीज साडेआठ ते साडेदहा जाणार, आणि उपासना नऊची. फळा परत लावावा असा विषय निघाला. विरोध एकट्या दादासोंनी केला. फळा लावला तर ते भिंतीपाशी उभे, इकडे सोनमच्या शेजारी खुर्ची होती. फळा कपाटातच राहिला. रविवारी ते आणि सोनम बंद प्रोजेक्टरच्या मागे बसू लागले. उपासना ठरल्या वेळी होते, चारही गीतं होतात.

गीताचा क्रमांक पाळकसाहेब व्यासपीठावरून मोठ्यानं सांगतात, दोनदा. आधीचे पाळकही सांगत, फळा समोर असतानाही.