पेंटरने राखून ठेवलेलं वाक्य

हे कोणाला खरं वाटणार नाही, आणि वाटावं असा आग्रहही नाही. पण पुरुषांच्या वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरना दोन मजले खाली उभं राहून वरच्या कुठल्या खाटेचं सलाइन संपत आलंय ते कळायचं. थेंब पडायचा थांबला की त्यांचा डावा कान गरम व्हायचा. ज्या हातात डॉक्टरांना तीन तीनदा टोचून शीर सापडत नसे, तो हात सिस्टर नुसता धरत, “काय, जावई काय म्हणतात?” असं विचारत, आणि पेशंट जावयाला नावं ठेवायला तोंड उघडेपर्यंत सुई आत जाऊन वर चिकटपट्टीसुद्धा लागलेली असे. एकदा त्यांनी भिंतीला सलाइन लावून दाखवलं होतं असंही सांगतात. ते मात्र साफ खोटं आहे. भिंत नव्हती, लाकडी फळी होती.

पण या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट निराळीच. अगदी पहिली एक बाई सोडली, तर सव्वीस वर्षांत त्यांच्या वॉर्डातून एकही नातेवाईक आपल्या माणसाचे शेवटचे शब्द न घेता घरी गेला नाही. एकही नाही.

वॉर्डात खाटा चौतीस. कागदावर सहा पेशंटांमागे एक नर्स. प्रत्यक्षात दिवस चांगला असला तर दोन, आणि त्यातली एक कायम कोणाला तरी एक्स-रेला घेऊन गेलेली. जाणारा माणूस घंटा वाजवून जात नाही. नर्स चौथ्या खाटेवर जखम धूत असते, तेवढ्यात तिसाव्या खाटेवर कोणीतरी गुपचूप थांबतो. मग जिन्यावरून धावत येणारी बायको, मुलगी, भाऊ, सगळे एकच विचारतात. बीपी किती होतं ते कोणी विचारत नाही. “काही बोलले का हो?”

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा सिस्टर तेवीस वर्षांच्या होत्या, आणि त्यांनी खरं सांगितलं. “माहीत नाही, बाई. मी दुसऱ्या खाटेवर होते.” ती बाई वळली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली. संध्याकाळी ड्यूटी संपवून सिस्टर उतरल्या तेव्हा ती तिथेच होती, आणि लोक तिला ओलांडून जात होते.

घरी आल्यावर सिस्टरनी ताट बाजूला सारलं.

समोर त्यांचा नवरा बसला होता. तो पेंटर. लग्नाला सहाच महिने झाले होते, आणि ते लग्नही या वॉर्डानेच जमवलेलं. खाटांचे नंबर रंगवायला म्हणून तो आला, आणि चौतीस आकडे रंगवायला त्याला अकरा दिवस लागले. तेव्हाच्या मेट्रननी कान उपटले तर म्हणतो कसा, “आकडा दिसतो सोपा, बाई, पण वळणात फसवतो.” खरी भानगड अशी, की सतरा नंबरच्या खाटेपासून नर्सचं टेबल समोरासमोर दिसायचं. सतराचा आकडा त्याने चार वेळा पुसून पुन्हा काढला. पाचव्या वेळी सिस्टरच उठून आल्या आणि म्हणाल्या, “आता पुसलात तर मी तुम्हालाच ॲडमिट करीन.”

तर त्या संध्याकाळी पेंटरने सगळं ऐकून घेतलं, ताट पुन्हा पुढे सरकवलं आणि म्हणाला, “काहीतरी सांगायचं होतंस की.”

“खोटं?”

“मी दुकानावर ‘सर्वोत्तम’ लिहितो, ते काय तपासून लिहितो? हे बघ सिस्टर, जाणारा माणूस काही मोठं बोलत नसतो. चपला कुठे आहेत विचारील. खिडकी लाव म्हणेल. बायको विचारायला आली ना, तर म्हणावं, ‘तिला सांगा, जेवून घे, माझ्यासाठी थांबू नको.’ बस. एकच हात मारायचा. दुसरा हात मारलास की रंग खोटा दिसतो.”

तेव्हापासून हा त्या दोघांचा घरगुती उद्योग झाला. जेवताना वाक्यं जुळवायची. मुलासाठी, “गाडी हळू चालव.” भावासाठी, “त्याला म्हणावं, मी विसरलो ते सगळं.” काय विसरलो ते सांगायचं नाही, प्रत्येक भावाला ते ठाऊक असतंच. सिस्टरनी एकदा कौतुकाने ‘तुमच्यावर फार जीव होता’ असं काही जोडलं, तर पेंटरने कपाळावर हात मारला. “हे नाटकातलं झालं. पूस ते.” बायकांसाठीचं ते पहिलं वाक्य मात्र कधी बदललं नाही. ते ऐकून बायका रडायच्या, आणि घरी जाऊन खरंच दोन घास खायच्या.

फजिती झाली ती एकदाच. एका गवंड्याच्या बायकोला सिस्टरनी नेहमीचं वाक्य सांगितलं, तर बाई डोळे पुसून म्हणाली, “सिस्टर, तो जन्माचा मुका होता.” दुसरी कोणी असती तर जमिनीत गेली असती. सिस्टरनी पापणीही हलवली नाही. “मी कुठे म्हटलं बोलले? हाताने सांगितलं.” आणि त्यांनी हात हवेत असाच कसातरी फिरवला. बाईने पदर तोंडात कोंबला. म्हणाली, “हो. असंच म्हणायचा.”

वॉर्डात नवीन मुलगी आली की सिस्टर तिला चादरींच्या कपाटापाशी न्यायच्या आणि हे शिकवायच्या. नियम एकच, आणि तो कडक. नर्स खाटेजवळ असली तर कानाने ऐकलं तेच सांगायचं. शिवी असली तर शिवी, पाणी मागितलं तर पाणी. खाटेजवळ कोणीच नसलं, तरच हे. सगळ्यात शेवटी शिकली ती चिमणी. खरं नाव वेगळं, पण आवाज एवढा बारीक की पेशंटांनीच हे ठेवलं.

सिस्टर स्वतः नर्सिंग शिकल्या तेव्हा त्यांच्या वर्गात अकराजणी होत्या. एक परदेशी गेली आणि दर वर्षीच्या फोटोत तिच्यामागचं घर मोठं होत गेलं. एक खाजगी दवाखान्यात लागली, तिथे हसण्याचा नियम होता. ती घरी आल्यावर चार तास कोणाकडे बघून हसत नसे. एकीची पाठ पेशंट उचलून उचलून कामातून गेली. ती आता शिकाऊ मुलींना पेशंट कसा उचलायचा ते खुर्चीत बसून शिकवते. दोघींनी नोकरीच सोडली. सिस्टर तेवढ्या त्याच वॉर्डात राहिल्या. चौदा वर्षं स्टाफ नर्स, मग इन्चार्ज, आणि वर राहिलेली एकच पायरी, मेट्रन. तीनदा मुलाखत दिली, तीनदा डावलल्या गेल्या. चौथी मुलाखत ठरली, त्याच आठवड्यात पेंटर वॉर्डात दाखल झाला.

फुप्फुसांनी असहकार पुकारला होता. तीस वर्षांची रंगाची वाफ आत जाऊन बसलेली. सतरा नंबरचीच खाट हवी म्हणून त्याने दाखल होतानासुद्धा हट्ट धरला, आणि खाटेवर पडल्यापडल्या आकडा बघून म्हणाला, “साताची शेपटी वाकडी राहिली. बघत कुठे होतो कोण जाणे.”

आणि त्याचं ते एक जुनं खूळ होतं. फार वर्षांपूर्वी जेवताना त्याने जाहीर केलं होतं, “माझ्या वेळी तुझ्या पोरींना डोकं लढवू देऊ नकोस. माझं वाक्य मी जुळवून ठेवलंय. तुझ्यासाठी.”

“काय ते?”

“आत्ता सांगितलं तर शेवटचं कसं राहील?”

सिस्टर चिडल्या, रुसल्या, एकदा तर दोन दिवस बोलल्या नाहीत. पेंटरने दाद दिली नाही. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं. पण तो खाटेवर आला आणि मनगटं बारीक व्हायला लागली, तसं ते वाक्य त्यांच्या मनात ठाण मांडून बसलं. वीस वर्षं हा माणूस मनाच्या कपाटात काय जपून ठेवतोय? नाडी बघायच्या निमित्ताने त्या दिवसातून दहादा सतराव्या खाटेशी जायच्या, आणि कान नाडीपेक्षा त्याच्या ओठांकडे असायचा.

मुलाखतीच्या सकाळी त्या जायलाच तयार नव्हत्या.

“नाही गेले तर काय बिघडतंय? तीनदा गेले तेव्हा काय दिवे लावले?”

“जा,” पेंटर मास्क बाजूला करून म्हणाला. दोन शब्दांमध्ये आता त्याला थांबावं लागत होतं. “तुझ्या दाराची पाटी... मला रंगवायचीय. ‘मेट्रन’मधला ट्र अवघड असतो. मनातल्या मनात... सराव चाललाय.”

“मग आता तरी सांगा ते. काय ठेवलंय माझ्यासाठी?”

“संध्याकाळी. पास होऊन ये. बक्षीस म्हणून सांगतो.”

“नक्की?”

“जा ग. माझा ऑक्सिजन संपवतेस बोलून बोलून.”

ड्यूटीचा तक्ता सिस्टरनी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने लिहिला होता. सकाळपाळीला दोन नर्स. तिसऱ्या ओळीत, जिथे त्यांचं स्वतःचं नाव असायचं, तिथे ‘मुलाखत’ लिहून खाली रेघ मारली होती. बदली माणूस मागितला होता, मिळाला नव्हता. जाताना त्यांनी चिमणीला सांगितलं, “सतराकडे लक्ष असू दे.” चिमणीने मान हलवली. तिच्या हातात तेव्हा दोन ट्रे होते.

मुलाखत दुसऱ्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. तास सव्वातास बाहेरच्या बाकावर गेला. आत तिघे बसले होते, त्यातल्या मधल्याने विचारलं, “चौतीस पेशंट आणि एकच नर्स अशी वेळ आली, तर तुम्ही कसं भागवाल?”

सिस्टर म्हणाल्या, “भागवणार नाही, साहेब. आम्ही सव्वीस वर्षं भागवतोय, म्हणून तर कोणाला वाटत नाही की काही कमी आहे. मला माणूस द्या म्हणून मी तुमच्या दारात बसेन.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मधला हसला. “बसाल तुम्ही, वाटतं खरं.”

बाहेर येताना त्यांना कळलं होतं की या वेळी काम झालं. पायऱ्या उतरताना चाल वेगळी पडत होती. जोडइमारतीच्या व्हरांड्यात त्यांनी सवयीने डाव्या कानाला हात लावला. कान गार होता. वर मुलाखतीच्या खोलीत पंखा घरघरत होता, खुर्च्या सरकत होत्या, त्या स्वतःच इतकं बोलत होत्या. कानाला काही कळणार कसं?

वॉर्डाच्या दारात मामा उभा होता. वॉर्डबॉय म्हणून लागला तेव्हापासून सगळे त्याला मामाच म्हणत. सिस्टर दिसल्यावर तो नेहमी “सिस्टर, चहा?” म्हणायचा. आज त्याने दाराची एक फळी धरून ठेवली आणि खाली बघितलं.

सतरा नंबरच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता.

सिस्टर आत गेल्या. मास्क बाजूच्या खुंटीवर नीट अडकवलेला. पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला. पेंटरच्या नखांत जुना निळा रंग होता तसाच होता. हात छातीवर ठेवले होते, ते कोणीतरी नंतर ठेवलेले.

पडद्याच्या फटीतून त्यांना वॉर्डाचं दुसरं टोक दिसलं. एकतिसाव्या खाटेशी ड्रेसिंगची ट्रॉली उभी होती. तिथल्या म्हाताऱ्याच्या पायाचं बँडेज अर्धं गुंडाळलेलं, अर्धं जमिनीला लोळत होतं. दुसरी नर्स कुठे आहे ते विचारायची गरज नव्हती. कोणाला तरी एक्स-रेला घेऊन गेली असणार.

चिमणी पडद्याच्या आत आली. तिने हातमोजेसुद्धा काढले नव्हते; त्यांची बोटं औषधाने ओली, पिवळी-तपकिरी झालेली.

आणि सिस्टरनी, ज्यांनी हा प्रश्न शेकड्याने ऐकला होता, तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून तोच निघाला.

“काही बोलले का ग?”

“हो सिस्टर.” चिमणीचा आवाज आणखी बारीक झाला, पण अडखळला नाही. चांगली शिकवलेली मुलगी. “शांत होते एकदम. मी हात धरून होते त्यांचा. म्हणाले... ‘तिला सांगा, जेवून घे, माझ्यासाठी थांबू नको.’”

एक क्षणभर सिस्टरना ते खरं वाटलं. हेच तर नवल. सगळं ठाऊक असून छातीतलं काहीतरी सैल झालं, घरी जाऊन खरंच जेवावं असं वाटलं. एवढंच करायचं होतं. मान हलवायची, पदर डोळ्याला लावायचा, आणि हे घेऊन जिना उतरायचा. इतकी माणसं उतरून गेली होती.

मग त्यांनी पेंटरचा हात उचलला. उलटा केला, सुलटा केला. निळ्या रंगाशिवाय त्यावर काही नव्हतं. चिमणीच्या हातमोज्याचा एक डागसुद्धा नाही. त्यांनी तो हात तसाच धरून ठेवला.

“दुसरं काही?” त्यांनी विचारलं. “नीट आठव. ओठ हलले असतील. एखादा शब्द. मला चालेल काहीही.”

“तेवढंच, सिस्टर. तेवढंच म्हणाले.”

पलीकडच्या खाटेवर कोणीतरी खोकलं. एकतिसाव्या खाटेवरचा म्हातारा ओरडला, “अहो, माझा पाय!”

“खोटं बोलतेस, चिमणे,” सिस्टर म्हणाल्या, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्याने. “हे त्यांनी दुसऱ्यांच्या बायकांसाठी रचलं होतं. माझं वेगळं होतं.”