तळाचा ग्लास

प्रभंजन बारमध्ये पोचला तेव्हा त्याचं नाव पिंपात पडून दहा मिनिटं झाली होती.

झालं होतं असं. प्यायच्या आधी बोट बुडवायचं आणि गेलेल्यांच्या नावानं दोन थेंब हवेत उडवायचे, ही प्रभंजन, अभिराम आणि हेमांगी या तिघा मित्रांची कॉलेजपासूनची रीत. त्या दुपारी प्रभंजनला उशीर झाला, कारण त्याची सहा वर्षांची लेक इरा पोहण्याच्या क्लासला पाण्यात उतरेना. समजूत काढून तो निघाला, आणि तिचा पोहण्याचा चष्मा त्याच्याच खिशात राहिला. इकडे अभिरामच्या जिभेला हाड नाही. त्यानं थेंब उडवले आणि म्हणाला, "हे प्रभ्याच्या नावानं. गेलाच म्हणायचा आता." हेमांगी खो खो हसली. अहो, जित्या माणसाच्या नावानं थेंब उडवतं का कुणी? पण चेष्टेला बसलेल्या माणसाला एवढं सुचलं तर काय हवं होतं!

बार बाणेरचा. तिथं बेल्जियमच्या पद्धतीची आंबट बियर टेबलाच्या वरच्याच माळ्यावर, रुंद उघड्या पिंपात आंबत असे. वाढायला पास्कल होता, वसईचा, पांढऱ्या मिशांचा. प्रभंजन बसल्यावर त्यानं नवे दोनच ग्लास आणले.

"आम्ही तिघं आहोत," प्रभंजन म्हणाला.

"हो साहेब," पास्कल म्हणाला आणि गेला.

हेमांगीनं घोट घेतला, डोळे मिटले. "चामड्याचा वास येतोय. जुन्या, पावसात भिजलेल्या चपलेचा. पण काय मस्त आहे रे!"

प्रभंजनच्या तळपायांना फरशी गार लागली. टेबलाखाली पाहिलं तर पायांत चपला नव्हत्या. दोघंही हसले, तोही हसला. येताना कुठे काढल्या असतील, असं त्यानं मनाशी म्हटलं.

दुसरे ग्लास आले, तेही दोनच. ही बियर कोकमाच्या रंगाची होती. अभिरामनं जिभेवर घोळवली आणि टाळ्याला टक्क वाजवलं. "कैरी. मीठ लावलेली कैरी, आणि चुन्याची भिंत. हेमे, तुला?"

"निळ्या चुन्याची," हेमांगी म्हणाली. "साताऱ्याची शाळा. तिसरी ब. मधल्या सुट्टीत पायरीवर बसून..." ती थांबली. "मी तर कधी साताऱ्याला गेलेही नाही."

"मी कुठल्या शाळेत होतो?" प्रभंजननं विचारलं.

त्यानं आठवून पाहिलं. पायरी नाही, भिंत नाही, बाईंचं नाव नाही. त्यानं पास्कलला हाक मारली. काय झालं ते अभिरामनंच चाचरत सांगितलं. पास्कलनं टेबल पुसत ऐकून घेतलं.

"ही बियर हवेतल्या जंतूंवर आंबते, साहेब. हवेत जे उडेल ते पिंपात पडतं. तुमचं नाव पडलं."

"मग काढ ना बाहेर!"

"बाहेरच येतंय ते. जो पितो त्याचं होतं."

"मग मला दे. मी पितो."

"ज्याच्या नावानं थेंब उडतात त्याला ग्लास नसतो," पास्कल म्हणाला. "आता पिंपातला तळाचा एकच भरेल."

प्रभंजननं हेमांगीचा अर्धा ग्लास ओढला आणि तोंडावर उपडा केला. बियर काचेत जागची हलली नाही. हेमांगीचे डोळे भरून आले. "अभ्या, पुरे. मी नाही पिणार आता. चल, उठू या."

तेवढ्यात तळाचा ग्लास आला आणि पास्कलनं तो अभिरामपुढे ठेवला.

"मी पीत नाहीये," अभिराम म्हणाला. "नुसता वास घेतो." आणि त्याचा चेहरा असा मऊ झाला की प्रभंजन घाबरला. "क्लोरीन. ओले केस. लहान पोराची टाळू असते ना, तसं काहीतरी."

प्रभंजन टेबलावर पुढे झुकला. "ती इरा आहे. अभ्या, खाली ठेव तो ग्लास."

अभिरामला मूल नव्हतं. इराच्या प्रत्येक वाढदिवसाला फुगे फुगवायला सगळ्यांच्या आधी तोच यायचा. त्यानं ग्लास खाली ठेवला नाही.

"एकच घोट, प्रभ्या. बघू तर दे."

"पाया पडतो तुझ्या!"

प्रभंजननं त्याचं मनगट धरलं, पण घोट तोंडात गेला होता. अभिरामचे गाल फुगले. आंबटानं डोळ्यांत पाणी आलं. त्यानं गिळलं नाही.

"थुंक!" हेमांगी ओरडली. "अभ्या, थुंक तो!"

टेबलावर प्रभंजनचा फोन वाजला. क्लासच्या बाईंचा. हेमांगीनं घाईनं उचलला आणि स्पीकर लावला.

"बाबा, पाणी डोळ्यांत जातंय," पलीकडून आवाज आला. "तू कधी येणार?"

प्रभंजननं तोंड उघडलं. अभिरामनं त्याच्याकडे पाहिलं, अगदी केविलवाणं पाहिलं, आणि गिळलं.

"आलो गं, इरूबाळा," अभिराम म्हणाला. "दोन मिनिटांत आलो."

तो उठला. खुर्चीवरची आपली पिशवी घेतली. हेमांगी भिंतीकडे तोंड करून रडत होती, आणि ही बाई का रडतेय, ते प्रभंजनला कळेना. समोरचा गृहस्थ मात्र त्याच्याकडे हात पुढे करून उभा होता.

"चष्मा," तो म्हणाला. "पोरीचा चष्मा राहिलाय तुमच्याकडे."

प्रभंजननं खिशात हात घातला. रबराचं, लहानसं काहीतरी हाताला लागलं. त्यानं ते बाहेर काढलं. दुसऱ्याची वस्तू, देऊन टाकावी, एवढं त्याला कळत होतं. पण मूठ काही उघडेना.

"द्या," अभिराम हळूच म्हणाला. "ती वाट बघतेय."

मग तो वाकला आणि त्या मुठीचं एकेक बोट सोडवू लागला, करंगळीपासून.